पहिलं पाणी मातीला

"चषक पुसायचं ते वस्त्र बघितलंस का? हॉटेलात हात पुसायला ठेवतात तसं दिसत होतं."

मागच्या बाकावरून बेकरीवाली आपल्या बहिणीच्या कानात कुजबुजली. कुजबुज आपली म्हणायची. बेकरीवालीचा आवाज भट्टीशेजारी मोठा झालेला, तो एका कानात मावणारा नव्हताच. उरलेला सगळा सूनबाईच्या मानेवर येऊन पडला.

ख्रिस्तप्रसाद घेऊन लोक जागेवर परतत होते. सूनबाईने हळूच शेजारी बघितलं. आत्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. आत्यांचे कान या वयातही असे तिखट, की शेजारच्या घरात बशी पडली तर फुटली की नुसताच टवका उडाला, तेही सांगतील. त्यांनी ऐकलं असेल का? चेहऱ्यावर तर काही नव्हतं. ओठ मात्र क्षणभर थांबले होते. की तिलाच तसं वाटलं, कोण जाणे.

डाग होता, हे खरं. तो का राहिला हेही सूनबाईला पक्कं ठाऊक होतं. या आठवड्यात ती दमून झोपून गेली होती.

आत्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या आत्या. नवऱ्याची आई लवकर गेली, तेव्हा लग्नाबिग्नाचा विचार गुंडाळून ठेवून त्यांनी पोर वाढवलं. शिवणकाम करून वाढवलं, आणि त्याच सुईने चर्चच्या वेदीची वस्त्रं शिवली. चषकाखाली अंथरायचं चौकोनी वस्त्र, चषक पुसायची लहान वस्त्रं, फादरांचे हात टिपायचा रुमाल, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल धाग्याचा नखाएवढा क्रूस. शिवून दिली, मग धुवायलाही घरी आणू लागल्या, ते आजतागायत. पुढे सूनबाई घरात आली. तिने एकदा त्यातल्या एकाला 'फडकं' म्हटलं होतं. आत्या दिवसभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

या धुण्याचा एक नियम होता. वस्त्रं आधी साध्या पाण्यात भिजवायची, आणि ते पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. प्रसादाचा एखादा कण, द्राक्षारसाचा एखादा थेंब त्यात उतरलेला असू शकतो, तो गटारात कसा जाऊ द्यायचा? ते पाणी मातीला द्यायचं. दाराशी पायरीला लागून लिंबाची मोठी कुंडी होती, तिला ते पाणी मिळायचं. दर शुक्रवारी आत्या टब उचलून दारात जात, पाणी ओतत, आणि 'घे बाई' म्हणत. झाडाला म्हणत की मातीला, ते कोणी विचारलं नव्हतं.

सूनबाई स्वतः इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. माणूस उभा राहील एवढाल्या यंत्रांतून ओल्या चादरी ओढून काढायच्या, ढकलगाडीत घालायच्या, वाळवायच्या, तापलेल्या रुळांखालून सरकवायच्या. तिथल्या पहिल्या पाण्याचं काय होतं, दुसऱ्याचं काय होतं, याची कोणाला पर्वा नव्हती. ओल्या चादरीला माणसाएवढं वजन असतं. उजवं मनगट वर्षभर कुरकुरत होतं, आता बोलायला लागलं होतं. जगातलं सगळं मळकट कापड फिरून फिरून आपल्याच हातात येतं, असं तिला हल्ली वाटू लागलं होतं.

मागच्या थंडीत एका शनिवारी, आत्यांनी इस्त्री करून ठेवलेल्या गठ्ठ्यात तिला वरच्याच घडीवर द्राक्षारसाचा तांबूस डाग दिसला. घडी कशी, तर काठाला काठ लावून, सुबक. आणि मधोमध डाग. आत्या आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आता सांगून कशाला त्यांचं मन दुखवा, असं म्हणून तिने ते वस्त्र गुपचूप धुतलं, ओलं असतानाच त्यावर इस्त्री फिरवली, होतं तसं ठेवून दिलं. एकदाच, म्हणून. मग पुढच्या शनिवारी दोन निघाली. मग ते नेहमीचंच झालं. शनिवारी पहाटे उठायचं, गठ्ठा सोडायचा, उजेडात धरून बघायचा, धुवायचं, पुन्हा बांधायचा, आणि मग कामावर.

घरात कोणी काही बोलत नव्हतं. पण घर मात्र हळूहळू बदललं होतं. खुर्च्या कोणी जागच्या हलवत नसे. मीठ डावीकडे, साखर उजवीकडे, आणि यात बदल करणाऱ्याची धडगत नव्हती. एका शुक्रवारी पहिलं पाणी कुंडीऐवजी शेजारी काढून ठेवलेल्या नवऱ्याच्या बुटांत गेलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दोन-चार मजले चढून खाली आल्यावर त्याला कळलं की पाय ओले आहेत. मुलगी म्हणाली, "बाबांच्या बुटांची आता मिरवणूक काढायला हवी." सगळे हसले, आत्यांना कळू न देता. दुसऱ्या दिवसापासून नवरा बूट कपाटात ठेवू लागला. आत्यांना सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

डॉक्टरांकडेही नेलं होतं. नवरा बाहेर बाकावर बसला, आत्या एकट्या आत गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "वयाचं आहे." त्यावर पुढे काही विचारावं असं त्याला वाटलं नाही, किंवा वाटलं आणि त्याने गिळलं.

*

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर आत्यांना मुलीबरोबर घरी पाठवून सूनबाई वेदीमागच्या खोलीत गेली. ती खोली म्हातारे घड्याळजी सांभाळायचे. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून मेणबत्त्या, चषक, झगे, सगळं त्यांच्याकडे. ते खण उघडा टाकून त्यात तोंड घालून उभे होते.

"काका, आजचं ते वस्त्र," तिने सुरुवात केली. "माझं चुकलं. या शनिवारी माझ्याच्याने उठवलं नाही."

घड्याळजींनी मान वर केली. "तुझं कसं चुकेल? माझं चुकलं. चष्मा घरी राहिला."

मग उलगडा झाला. गठ्ठा आला की घड्याळजी तो सोडत. खोलीतल्या नळाखाली डाग राहिलेली वस्त्रं चोळत, टेबलावर जुनी इस्त्री फिरवत, पुन्हा बांधून ठेवत. कितीतरी महिने. सूनबाई आधीच पहाटे धुते, याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांना वाटायचं, बिचाऱ्या आत्यांच्या हातून आताशा एवढे डाग राहून जातात.

तेवढ्यात फादर झगा उतरवायला आत आले. तरुण माणूस, या चर्चमध्ये येऊन फार दिवस झाले नव्हते. दोघांचे चेहरे आणि उघडा खण बघून त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पाकीट काढलं. आत दुकानातली नवी वस्त्रं. जे वस्त्र फारच वाईट दिसेल ते फादर हळूच बाजूला काढून त्याजागी नवं सरकवत. आज त्यांना उशीर झाला होता, म्हणून राहिलं.

तिघंही खणाकडे बघत राहिले. आत्यांनी शिवलेलं एक जुनं वस्त्र सूनबाईने खिडकीशी धरलं, तर पलीकडचं झाड दिसलं. धुऊन धुऊन कांद्याच्या सालीसारखं झालं होतं. आधी आत्यांनी धुतलं, मग तिने धुतलं, मग घड्याळजींनी. तिघांची तीन साबणं. इस्पितळाच्या चादरींनासुद्धा इतका छळ सोसावा लागत नव्हता.

"म्हणजे आपण तिघं," घड्याळजी म्हणाले, "एकाच माणसाला वाचवत होतो."

आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच भले. सूनबाईला हसू आलं, पण ते वरपर्यंत पोचलं नाही.

पुढचा रविवार आभाराचा होता. त्या दिवशी मिस्सेनंतर चर्चमागच्या दालनात सगळे जमत. एकेक माणूस उभा राही आणि येत्या वर्षात आपण काय देणार ते तोंडाने सांगे. कोणी आजाऱ्यांना भेटायला जाणार, कोणी दर शनिवारी झाडणार, बेकरीवाली दर महिन्याला अनाथाश्रमाला पाव देणार. फादर प्रवचनात नेहमी सांगत, की आपण कशाचेच मालक नाही, कारभारी आहोत; वेळ त्याचा, हात त्याचे, आपण फक्त नीट सांभाळायचं आणि सढळ हाताने द्यायचं. आत्या दर वर्षी सगळ्यांत आधी उभ्या राहत आणि एवढंच म्हणत, "वस्त्रं. देवाने ठेवलं तोवर." टाळ्या पडत. एकदा त्या उभ्या राहून बोलल्या, की पुढचं वर्ष बांधलं गेलं.

आणि या वर्षी फादरांनी भर घातली होती. चर्चच्या वर्धापनदिनासाठी वेदीवर अंथरायचं मोठं कापड आलं होतं, दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत लोळणारं. ते आभाराच्या रविवारी आत्यांच्या हाती सोपवायचं, मान म्हणून, असं त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच चर्चच्या मंडळाला सांगून टाकलं होतं. मंडळाने मान डोलावली होती. सूनबाईला त्या कापडाचं ओलं वजन न उचलताच मनगटात जाणवलं.

"त्याआधी कोणीतरी आत्यांशी बोलायला हवं," फादर म्हणाले.

"हो," घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही घरच्या आहात, ताई."

"तुम्ही फादर आहात."

मग दोघांनी घड्याळजींकडे बघितलं. "मी घड्याळजी," ते म्हणाले. "मी वेळ सांगतो. बाकी काही सांगत नाही."

शेवटी ठरलं, की शनिवारी संध्याकाळी फादर जेवायला येतील आणि गोडीगुलाबीने विषय काढतील. फादरांनी होकार दिला तो दात काढून घ्यायला होकार देतात तसा.

*

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला की फादर बोलणार असतील तर उत्तमच झालं. आणि फादरांना नाही जमलं तर? तर मग बघू. बघू म्हणजे कोण बघू?

"हे बघ, मला तिने वाढवलंय," तो म्हणाला. "मी कुठल्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा तू सांग. तू कशी, बाहेरून आलेली. तुझं बोलणं तिच्या मनाला तेवढं लागायचं नाही."

सूनबाई बटाटे सोलत होती. तिचा हात थांबला. या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली होती की तिच्या माहेरचं दार कुठल्या बाजूला उघडायचं हे आठवायला तिला आता डोळे मिटावे लागत. सोललेला बटाटा तिने पुन्हा सोलला, आणि तो लिंबाएवढा झाला तेव्हा भांड्यात टाकला.

आपण काय बोलून बसलो हे नवऱ्याला थोड्या वेळाने उमगलं. आठवडाभर तो न सांगता भांडी पुसत होता. माफी मागायची त्याची ती पद्धत. बशा चकचकीत झाल्या. बाकी होतं तिथेच राहिलं.

या घरात जेवण झाल्यावर एक रीत होती. उठायच्या आधी प्रत्येकाने त्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. आत्यांनीच ती घातली होती, भाचा लहान असताना. आईच्या आठवणीने पोर जेवत नसे, तेव्हा त्याला म्हणत, एकच गोष्ट शोध, सापडली की एक घास. तो मोठा झाला, रीत राहिली. आत्यांचं वाक्य ठरलेलं: "हात दिलेस, डोळे दिलेस, काम दिलंस. आभार."

सूनबाईचे आभार मात्र अलीकडे बारीक होत चालले होते. पूर्वी तिला कितीतरी सुचायचं. आता ती म्हणायची, आज यंत्र बंद पडलं नाही. आज बसायला मिळालं. एकदा तर म्हणाली, आज शनिवार नव्हता. आणि मुलगी फस्सकन हसली. तिची भीती कामाची नव्हती. कामाला ती कधीच भ्यायली नाही. तिला भीती वाटत होती ती पहाटे नळाशी उभी असताना पोटातून जे वर यायचं त्याची. पूर्वी तिथे माया असायची. हल्ली आत्यांचा राग असायचा. ज्या बाईने बाळंतपणात तिच्या पाठीला तेल लावलं, तिच्या पोरीच्या तापात रात्री जागून काढल्या, तिचा राग. आणखी एक वर्ष असं गेलं तर वस्त्रं स्वच्छ राहतील, आणि आपल्या आत मात्र असा काही डाग पडेल की जो कुठल्याच पाण्याने जायचा नाही, हे तिला दिसत होतं.

शुक्रवारी ती दुपारीच घरी आली. मनगट सुजलं होतं. धुलाईघराच्या मुकादम बाईने पट्टा बांधून दिला आणि दोन दिवस येऊ नकोस म्हणून सांगितलं. आत्या दाराशी स्टुलावर टब पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. तिची चाहूल लागली तरी मान वळवली नाही. वळवून उपयोग नव्हता.

सूनबाई आतल्या दाराला टेकून बघत राहिली. आत्यांचे हात पाण्यात सावकाश फिरत होते. एकेक वस्त्र उचलायच्या, काठ अंगठा आणि तर्जनीत धरून शेवटपर्यंत सरकवत न्यायच्या, कोपरा आला की क्रूसावरून बोट फिरवायच्या, मग खाली ठेवायच्या. एका वस्त्रापाशी बोट थांबलं. पुन्हा मागे गेलं.

"सूनबाई, हे कोणाचं?"

"आपलंच, आत्या."

"हं." बोट आणखी एकदा काठावरून गेलं. "टीप मशीनची आहे."

सूनबाई दारापासून पुढे सरकली. आता बोलावं. इतकं सोपं दार पुन्हा उघडायचं नाही. पण आत्या स्वतःच म्हणाल्या, "फादरांनी घेतलं असेल. बरं केलं. जुनी फार मऊ झालीत हल्ली. हाताला लागतच नाहीत," आणि दार लागलं.

मग त्या टब घेऊन उठल्या. पायाच्या अंगठ्याने पायरीची कड चाचपली, आणखी जरा पुढे चाचपलं, आणि कुंडी समजून ओतलं. पाणी कुंडीला हातभर चुकवून पायरीवर पसरलं.

"घे बाई," आत्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "झाडाला मिळालं ना?"

"मिळालं, आत्या."

आत्या टब घेऊन आत गेल्या. पाणी पायरीवरून गटाराच्या दिशेने निघालं होतं. सूनबाईने पोतेरं आणलं, गुडघ्यांवर बसली, पाण्याला पुढून आडवी झाली. टिपायचं आणि कुंडीत पिळायचं, टिपायचं आणि पिळायचं. पिळताना उजवं मनगट कळवळलं, तेव्हा डाव्या हाताने पिळलं. पायरी कोरडी होईपर्यंत ती उठली नाही. हे आपण देवासाठी करतोय, आत्यांसाठी की मघाच्या खोट्यासाठी, याचा तिने विचार केला नाही. विचार करायला लागते ती ताकदही उरली नव्हती.

*

शनिवारी फादर आले. सूप झालं, भाजलेली कोंबडी झाली, बटाटे झाले. फादरांनी पहिल्यांदा वाढून घेतलं, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदाही. कारण तोंडात घास असला की माणसाला बोलता येत नाही. दालनाच्या गळक्या छपरावर बोलणं झालं. नवऱ्याने लिफ्टमध्ये अडकलेल्या एका लग्नाच्या वऱ्हाडाची गोष्ट सांगितली, ती घरातल्या सगळ्यांना पाठ होती आणि तरी सगळे हसले. मुलीने टेबलाखालून आईला पाय मारला. आईने नवऱ्याला मारला. नवऱ्याने चुकून फादरांना मारला.

फादर खाकरले. "आत्या, उद्या आभाराचा रविवार."

"माहीत आहे."

"मी म्हणत होतो, तुम्ही इतकी वर्षं..." फादर थांबले. सगळ्यांनी श्वास धरला. "इतकी वर्षं तुम्ही जो कारभार सांभाळलात, त्याला तोड नाही."

आणि मग गाडी उतरणीला लागावी तसे ते स्तुतीत शिरले आणि त्यांना थांबता येईना. अशी निष्ठा, अशी सेवा, आजच्या काळात. आणि म्हणून, घाम पुसत ते म्हणाले, वर्धापनदिनाचं मोठं कापडही उद्या तुमच्याच हाती द्यायचं मंडळाने ठरवलंय. बोलून झाल्यावर ते स्वतःच स्वतःकडे आश्चर्याने बघत राहिले.

"मोठं म्हणजे केवढं?" आत्यांनी विचारलं.

"जमिनीपर्यंत," फादर क्षीण आवाजात म्हणाले.

नवरा रिकाम्या बशीत काहीतरी शोधू लागला. सूनबाईने पट्टा बांधलेला हात मांडीवर ठेवला. तिला कोणाचाच राग आला नाही. रागाला लागतं तेवढंही तिच्यात शिल्लक नव्हतं. फक्त उठून जाऊन आडवं व्हावंसं वाटलं, भांडी तशीच टाकून.

"चला, आभार मानू," आत्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी हात जोडले.

आधी मुलगी. तिने आजीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाली, "या घरात सगळे एकमेकांची फार काळजी घेतात, त्याबद्दल." तिचा सूर आभारापेक्षा तक्रारीचा होता.

मग फादर. "या घरच्या जेवणाबद्दल," ते म्हणाले, आणि मान खाली घातली.

मग नवरा. तो सूनबाईपेक्षा चार महिन्यांनी लहान. त्यावरून आत्या लग्नाच्या दिवसापासून दोघांना चिडवत आल्या होत्या. तो म्हणाला, "आत्याबद्दल." त्याला एवढंच जमलं.

मग सूनबाईची पाळी.

"देवा," ती म्हणाली.

पुढे काही येईना. तिने दिवसभरातली एक गोष्ट शोधली. पहाटे ती उठली होती, डाव्या हाताने वस्त्रं धुतली होती, मग बाजार, मग स्वयंपाक. ती दिवसाच्या तळापर्यंत हात घालून आली आणि हात रिकामा निघाला. खोटं काहीतरी म्हणून टाकावं, यंत्राबद्दल, बसायला मिळाल्याबद्दल, असं तिच्या मनात आलं. पण कालच एक खोटं बोलून झालं होतं, आणि ते गुडघ्यांवर बसून पुसावं लागलं होतं. देवासमोर जोडलेल्या हातांनी दुसरं बोलायची तिची तयारी होईना. सगळे वाट बघत होते. आत्या मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या, त्या हल्ली ऐकत तशा, सगळ्या अंगाने.

"आत्या," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही."

मुलीने मान वर केली.

"वस्त्रांवर डाग राहतात. मी शनिवारी पहाटे उठून पुन्हा धुते. घड्याळजी धुतात. फादर बदलतात. गेल्या रविवारी कोणाकडूनच झालं नाही, म्हणून बेकरीवाली तसं बोलली. मला ते आता होत नाही, आत्या. मी दमले. मला तुमचा राग यायला लागलाय, आणि तो मला नकोय."

एवढं बोलून ती थांबली. नवऱ्याने डोळे गच्च मिटले होते. फादर टेबलक्लॉथवरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करत होते.

आत्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत. आता पाळी त्यांचीच होती.

"हात दिलेस," त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या. "डोळे दिले होतेस, बरीच वर्षं वापरले, आता परत घेतलेस. तुझेच होते. आभार." मग त्या जरा थांबल्या, आणि पुढचं देवाला म्हणाल्या की टेबलावरच्या माणसांना, ते नीट कळलं नाही. "आणि एकदाचं कोणीतरी बोललं, त्याबद्दलही. हे सगळे इतके जिवापाड लपवत होते, की मोडायचा मला धीर होत नव्हता. माझ्याही पाठीचे तुकडे झालेत त्या टबाने."

त्यांचा हात टेबलावरून सरकत आला. मिठाच्या भांड्याला वळसा घालून तो सूनबाईच्या पट्ट्यापर्यंत पोचला आणि काठ तपासावा तसा पट्ट्याच्या कडेवरून फिरला.

"आणि तू मला काल खोटं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "झाडाला मिळालं म्हणून. पायरीवर पडल्याचा आवाज ऐकला मी. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये."

"मिळालं, आत्या," सूनबाई म्हणाली. "पोतेऱ्याने टिपून पिळलं मी कुंडीत. सगळं."